दोन वर्षं, दोन महिने

यंत्राला शंका आली होती, माणसांना आली नाही. सगळं घोटाळलं ते तिथंच, असं शालनबाई पुढं पुष्कळदा म्हणाल्या. पण म्हणाल्या त्या मनातल्या मनात. मोठ्यानं म्हणायची वेळ होती तेव्हा त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

२०४३ सालच्या जुलैअखेरची ही गोष्ट. हणमंत लोहार सांगलीच्या इस्पितळात खाटेवर उशीला टेकून बसला होता. मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढून बारा दिवस झाले होते. शस्त्रक्रिया यंत्राच्या बारीक हातांनी केलेली, त्यामुळं पोटावर बोटाच्या पेरांएवढे चार व्रण, बास. येईल त्याला हणमंत शर्ट वर करून ते दाखवायचा. "सांधा बघा कसा झ्याक हाय! चाळीस वर्षं वेल्डिंग केलं, पर असा सांधा मला जमला न्हाई."

तासगावात त्याचं वर्कशॉप होतं. द्राक्षबागांवर सौरपट्ट्यांचं छप्पर घालायची टूम निघाल्यापासून त्या छपरांचे लोखंडी सांगाडे करण्यात तो आणि त्याचा मुलगा ओंकार बुडून गेलेले. आज ओंकार कामावर होता. खाटेशेजारी होत्या दोन बाया. एक हणमंतची बायको वैजयंता, आणि दुसऱ्या त्याच्या थोरल्या बहीण शालनबाई. शालनबाई कन्याशाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. वय सहासष्ट, कडक इस्त्रीचं सुती पातळ, मांडीवर कागदांची फाइल. लोहारांच्या घरात रीतच होती ती. लोखंड असेल तर हणमंतनं बघायचं, आणि कागद म्हटला की आक्का.

डॉक्टर नसीमा मुजावर आत आल्या, त्यांनी भिंतीवरचा पडदा यांच्याकडं वळवला. "हणमंतराव, कौल लागलाय. पण यंत्राची एक शंका आहे, ती आधी मिटवू."

कौल हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं आणि ते डॉक्टरसुद्धा घेत नसत. आपल्याकडं देवळात गुरव देवाच्या अंगाला फुलं चिकटवतो, उजवं पडलं की काम होणार, डावं पडलं की नाही. तसं हे यंत्र गाठीच्या पेशी वाचून माणूस जगणार का ते सांगायचं, म्हणून लोकांनीच त्याला कौल म्हणायला सुरुवात केली. देवाच्या कौलापेक्षा याचा एक गुण जास्त होता. हा कशामुळं लागला ते विचारलं तर समजावून सांगता यायचं.

मुजावर बाईंनी ते सांगितलंही, आणि चांगलं सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक वही असते, म्हणाल्या. पेशीची दुसरी पेशी होताना ती वही नकलून काढावी लागते, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. पण एखादी चूक नेमकी ब्रेकच्या पानावर पडते, मग ती पेशी वाढायची थांबत नाही. तीच गाठ. पूर्वी डॉक्टर गाठ किती मोठी, किती पसरली एवढंच बघत. आता वहीतली चूक न् चूक वाचता येते. मात्र पुढं असं लक्षात आलं की नुसती चूक वाचून भागत नाही, माणसाचं वयही बघावं लागतं.

"ते कसं काय?" हणमंतनं विचारलं. कुठलीही गोष्ट कशी चालते हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"असं बघा. म्हाताऱ्या शरीरात तीच चूक तीस-तीस वर्षं सावकाश येते, येताना आणखी हजार चुका बरोबर घेऊन येते. मग ती गाठ इतकी वेडीवाकडी दिसते की शरीरातले पहारेकरी तिला लगेच ओळखतात. ऑपरेशननंतर कुठं चार पेशी उरल्याच, तर तेच निपटून काढतात. तिथं केमो दिला तर उलट पहारेकरीच मरतात. तरण्या माणसात तीच चूक आडवाटेनं येते, एकटी येते. गाठ साधी दिसते, पहारेकरी फसतात. तिथं केमो द्यावाच लागतो, आणि तोही आठ आठवड्यांच्या आत. तुमची गाठ अगदी बेचक्यात आहे. कुठल्या वाटेनं आली ते निम्मं गाठीवरनं कळतं, निम्मं वयावरनं. आणि साठीपाशी काटा झपकन वळतो."

"मग माझा काटा कुठं?"

"कागदावर तुम्ही एकसष्ट. म्हणजे ऑपरेशन पुरे, केमो नको. शंभरातली शहाऐंशी माणसं पाच वर्षांनी ठणठणीत असतात. पण रक्तावरनं यंत्राला तुमचं वय अठ्ठावन्न-एकोणसाठ वाटतंय. दहातल्या दोघांचं असं होतं, कष्टाची शरीरं काही वेळा तरणी राहतात. म्हणून ते विचारतंय, जन्मतारखेची खात्री करा."

हणमंत हसायला लागला आणि टाक्यांवर हात दाबून धरला. "घण मारून मारून तरणा राहिलोय म्हणा की!"

शालनबाईंनी तोवर फाइल उघडलीसुद्धा. शाळा सोडल्याचा दाखला वरच होता. "एक जून एकोणीसशे ब्याऐंशी," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तारीख."

"नक्की ना, मॅडम? इथं दोन-तीन वर्षांनी फार फरक पडतो."

"दाखल्यावर आहे ती तारीख, डॉक्टर. त्यात नक्की-बिक्की काय असायचंय?"

हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं म्हटलं होतं. टेबलासमोर पालक येत, कुणाला पोरीचं वय कमी करून हवं असे, कुणाला वाढवून. बाई, तेवढी तारीख फिरवून द्या. शालनबाई शाळेच्या जनरल रजिस्टरावर तळहात ठेवून सांगत, यात आहे ती तारीख, प्रत्यक्ष देव आला तरी बदलायची नाही. त्यांची ही ख्याती तालुकाभर होती. त्या दिवशीही तोंडातून तेच आलं, आणि अगदी मनापासून आलं. खोटं बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"अवो, ह्या हेडमास्तरीण हायती," हणमंत अभिमानानं म्हणाला. "आक्कानं सांगितलं म्हंजे झालं."

डॉक्टरांनी पडद्यावर बोट टेकवलं. शंका मिटली. वैजयंताच्या डोळ्यांना धार लागली. तिची आई केमोत ओकून ओकून गेली होती, त्यामुळं तिनं गेले बारा दिवस देव पाण्यात घातले होते. तिनं शालनबाईंचे दोन्ही हात धरले. "वन्सं, जीव भांड्यात पडला बघा."

हणमंतला घरी सोडायला दोघी गाडीनं निघाल्या. गाडी बिनड्रायव्हरची, त्यामुळं तिघंही समोरासमोर बसलेली. हणमंतला डुलकी लागली. वैजयंताचा ऊर हलका झाला होता, ती बोलतच सुटली.

"एक जूनची माणसं लई नशिबाची असत्यात, न्हाई का वन्सं? आमच्या म्हायेरी निम्मी वाडी एक जूनचीच. सगळ्यांच्या आयांनी एकाच दिवशी कशा काय कळा दिल्या कुणास ठावं!" आणि आपल्याच विनोदावर ती पदर तोंडाला लावून हसली.

शालनबाईही हसल्या. अर्धं हसू झालं आणि ते तिथंच राहिलं.

एक जूनला कोण जन्मतं? कुणी नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. ज्या पोराची तारीख घरात ठाऊक नसे, त्याची गुरुजी एक जून मांडून टाकत. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? आणि हणमाची खरी तारीखही त्यांना ठाऊक होती. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्टच्या तीन तारखेला, साल चौऱ्याऐंशी. पंतप्रधान इंदिराबाई गेल्या तेव्हा तो तीन महिन्यांचा होता आणि बाहेर गावकरी रेडिओभोवती जमले असताना सात वर्षांच्या शालननं त्याला कडेवर घेऊन गप्प केलं होतं.

त्यांची वाडी जतकडच्या माळावरची. बाप ऐरणीवर लोखंड धरायचा आणि आई घण घालायची. लोहारांत बायकांनीच घण घालायचा, ही जुनी चाल. त्यामुळं लहान पोर बघायला घरात कुणी नसे. शालनची चौथी झाली, आणि आईनं सांगितलं, बास झालं, आता हणम्याला बघ. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये शाळेची घंटा झाली तेव्हा शालननं त्याचं बोट धरलं आणि त्याला घेऊनच शाळा गाठली. कोळेकर गुरुजी दारात उभे. म्हणाले, "हे शेंबडं कशाला आणलंस? पटावर नाव असलेलीच पोरं आत." मग जरा थांबून, "किती वर्षांचं आहे?"

"सहा पुरी झाली, गुरुजी," अकरा वर्षांची शालन म्हणाली.

पोराला चौथं संपायचं होतं. गुरुजींना ते दिसत नव्हतं असं नाही. पण शाळेला दुसरा शिक्षक मिळायला पट चाळीसच्या वर जायला हवा होता, आणि दोन पोरं कमी पडत होती. गुरुजींनी टाक उचलला. एक जून ब्याऐंशी. शालन पाचवीत बसली, हणमंत पहिलीत बसला. एक पोरगी शिकली, शाळेला दुसरा गुरुजी मिळाला, आईला घण घालायला हात मोकळे झाले. कुणाचं काही वाईट झालं नाही, असं तेव्हा वाटलं.

गाडी तासगावात शिरली तेव्हा शालनबाई बोटांवर मोजत होत्या. दोन वर्षं, दोन महिने. म्हणजे हणमा एकसष्टचा नव्हे, अठ्ठावन्न पुरा. यंत्र म्हणत होतं तेवढाच. सांगून टाकावं, त्यांना वाटलं. आत्ताच. पण हणमंत झोपला होता, वैजयंता कितीतरी दिवसांनी हसत होती. उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

आता कुणी विचारेल, त्यात अवघड ते काय? तारीख चुकीची आहे, दुरुस्त करा, एवढं सांगायला जीभ का झडते? दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी इस्पितळात फोन करून पाहिला. परस्पर मिटतंय का, हा हिशेब. तिथल्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की जन्मतारीख बदलायची तर रुग्णानं स्वतः लिहून द्यावं लागतं, त्याला ठाऊक असल्याशिवाय नोंदीला कुणी हात लावू शकत नाही. शालनबाईंनी फोन ठेवला. म्हणजे हणमाला सांगायला हवं. आणि हणमाला तारीख सांगायची म्हणजे दुसरीही गोष्ट सांगावी लागणार होती, जी त्यांनी पंचावन्न वर्षं सांगितली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात त्या तयारीनं त्याच्या घरी गेल्या. हणमंत ओसरीवर नातीला घेऊन बसला होता. ओंकारची आर्वी सात वर्षांची, पाटीएवढ्या पडद्यावर भागाकार करत होती, आणि तिचं कुठंतरी अडलं होतं.

"आजोबा, हे कसं करायचं?"

"मला नको इचारू बाय. तुझ्या आज्याचं डोस्कं म्हंजे ऐरण. वरनं कितीबी हाना, आत काय शिरत न्हाई. तुझ्या आत्याआजीला इचार, घराण्यातली सगळी अक्कल तिलाच दिलीया देवानं."

तो हसत म्हणाला. त्याचं हे नेहमीचंच होतं. ज्या माणसानं कागदावर रेघ न मारता चाळीस फुटी छपराचा उतार डोळ्यांनी काढावा, तो आयुष्यभर स्वतःला ढ म्हणत आला होता, आणि ते शालनबाई ऐकत आल्या होत्या. सहा वर्षांच्या पोरांत चार वर्षांचं पोर बसवलं तर त्याला अक्षर कसं वळावं? पाटीवरची पेन्सिल मुठीत धरायचा तो. कोळेकर गुरुजी त्याला अंगठे धरून उभा करत. एकच खोली, दोन वर्ग एका भिंतीशी, तीन दुसऱ्या. पाचवीच्या रांगेतून शालनला सगळं दिसायचं. पुढं तो तिसरीत नापास झाला, चौथीत झाला. ढ गोळा, पोरं म्हणायची. गुरुजी, तो लहान आहे, एवढं म्हटलं असतं तर मार थांबला असता. पण मग त्याचं नाव कटलं असतं, त्याच्या मागं शालनचंही. ती पुस्तकात मान घालून बसली. पुढं ती बाई झाली, बाईंची हेडबाई झाली. इतक्या उशिरा कुठल्या तोंडानं सांगायचं, की हणमा, तू ढ नव्हतास, तू नुसता लहान होतास?

"काय काम काढलंस आक्का?" हणमंतनं विचारलं.

"काही नाही. सहज आले," शालनबाई म्हणाल्या आणि भागाकाराला बसल्या.

माणूस स्वतःला फसवायला लागला की कारणं पायलीला पन्नास मिळतात. कागदाप्रमाणं शहाऐंशी टक्के म्हणजे थोडे झाले का? खऱ्या वयाचा आकडा तरी कुठं माहीत आहे, असेल ऐंशी. हणमा हिंडतोय, जेवतोय, वजन धरतोय. केमोनं त्याला मोडून टाकायचं का? आठवा आठवडा गौरी-गणपतीत संपत होता. गौरी जेवू देत, मग सांगू, असं त्यांनी मनाशी घोकलं. गौरी जेवल्या. हणमंतनं ऑपरेशननंतर पहिल्यांदा पुरणपोळी खाल्ली, दोन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. सगळं घर त्याच्या ताटाकडं बघत होतं. वैजयंतानं शालनबाईंच्या ओटीत खण घालताना पाया पडून म्हटलं, "तुमच्या पुण्याईनं दिवस दिसला वन्सं."

शालनबाई खण घेऊन घरी आल्या. तीन दिवसांनी छप्पन्नावा दिवस गेला. त्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं नाही, पण तो गेला हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटलं ते नंतर. त्या दिवशी त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं, आणि याची लाज त्यांना पुढं जन्मभर पुरली.

पुढच्या जूनमध्ये तपासणीत हणमंतच्या यकृतावर तीन डाग दिसले.

डॉक्टर मुजावरांनी हणमंतला बाहेर बसवलं आणि आधी शालनबाईंना बोलावलं, कागदपत्रं त्यांच्याकडंच असायची म्हणून. डॉक्टर चक्रावल्या होत्या. "मॅडम, कौल चुकतो, नाही असं नाही. पण असा चुकत नाही. ही गाठ साठीच्या आतल्या माणसासारखी वागली. हुबेहूब."

शालनबाईंनी फाइल टेबलावर ठेवली. उघडली नाही. "तारीख खोटी आहे," त्या म्हणाल्या. "मीच सांगितली होती. शाळेत."

मग सगळं सांगितलं. सांगायला चार मिनिटं लागली. पंचावन्न वर्षं आणि आठ आठवडे जे जमलं नाही, ते परक्या बाईसमोर चार मिनिटांत झालं. मुजावर बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नवी तारीख घातली, आणि पडद्यावर काटा झपकन दुसरीकडं गेला.

"नुसतं ऑपरेशन केलं तर शंभरात पन्नास," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वेळेत केमो दिला असता तर एक्याऐंशी."

"मधली एकतीस," शालनबाई म्हणाल्या.

"हणमंतराव त्या एकतिसांतलेच होते, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. नव्हते, असंही नाही." डॉक्टर थांबल्या. "तेव्हा मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. विचारलं होतंत."

"आता औषधं देऊ. वर्ष, दीड वर्ष, काहींना दोन. पण त्यांना हे कळायला हवं. खरी तारीख नोंदवल्याशिवाय मला औषधाचं माप ठरवता येत नाही. मी सांगू, की तुम्ही?"

"मी सांगते," शालनबाई म्हणाल्या.

हणमंत व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसला होता. समोर इस्पितळाच्या नव्या इमारतीचं लोखंडी काम चाललं होतं, ते तो मन लावून बघत होता. ओंकार खाली चहा आणायला गेला होता. शालनबाई शेजारी बसल्या. डागांचं त्यांनी आधी सांगितलं. त्यानं मान हलवली, म्हणाला, मला वाटलंच हुतं. मग त्यांनी तारखेचं सांगितलं, केमोचं सांगितलं, आठ आठवड्यांचं सांगितलं. काही वगळलं नाही. फोन केला होता तेसुद्धा सांगितलं.

हणमंतच्या तोंडून शिवी येईल, तो उठून जाईल, काहीतरी होईल म्हणून शालनबाई पदराचं टोक मुठीत आवळून बसल्या.

"म्हंजे मी चार वर्साचा हुतो?" तो म्हणाला. "पहिलीत?"

"चारसुद्धा पुरा नव्हतास."

"आन् बाकीची सहाची."

"हो. काही तर सात-सात वर्षांची."

"म्हंजे मी ढ नव्हतो व्हय गं आक्का?"

"नव्हतास रे," शालनबाई म्हणाल्या. "कधीच नव्हतास. मला माफ कर हणमा. तुझ्या आयुष्याचं मातेरं केलं मी."

त्यानं मान हलवली, पण ती माफीची होती की नकाराची, ते कळलं नाही. त्याचे डोळे भरले होते. भावाला रडताना त्यांनी मार खातानाच पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

"आजाराचं जाऊ दे," तो म्हणाला. "ते कुणाच्या हातात असतंय? तुझी भीती मला कळत्या. पर ओंक्या नववीत गणितात गेला, ते आठवतंय तुला? त्याचं सर घरी आलं हुतं, म्हणत हुतं पोरगं हुशार हाय, एक वरीस द्या त्याला. मी काय म्हणालो? म्हणालो, सर, बाप ढ तर पोरगं कुठनं आणणार? आमच्या रक्तातच न्हाई. आन् दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात ग्राइंडर दिला."

शालनबाईंना आठवत होतं. सगळं आठवत होतं.

"तू रजा काढून आली हुतीस त्या दिवशी, आक्का. दोन तास भांडलीस माझ्याशी. शिक्षणाचं महत्त्व सांगितलंस, सरकारी योजना सांगितल्यास, आमक्याचं पोरगं इंजिनेर झालं त्ये सांगितलंस." तो थांबला. त्याच्या आवाजात राग असा नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "एवढंच तेवढं सांगितलं न्हाईस. हे एक सांगितलं असतंस, तर मी त्याला शाळंतनं काढला नसता गं."

त्या दिवशी हे वाक्य शालनबाईंच्या ओठांपर्यंत आलं होतं आणि त्यांनी ते गिळलं होतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. आजवर त्यांना वाटत होतं, आपण एकाच माणसाच्या गुन्हेगार आहोत.

जिन्यावरून ओंकार आला. चौतिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा, दोन्ही हातांत मिळून तीन कप कसेबसे धरलेले. दोघांची तोंडं बघून तो थबकला. "काय म्हणाल्या डॉक्टर? काय झालं, अप्पा?"

"त्ये सांगतो मागनं. बस हितं." हणमंतनं त्याला आपल्या बाजूला बसवला. "ओंक्या, तुला शाळंतनं काढलं त्ये माझं चुकलं बघ. तुझं डोकं चांगलं हुतं. माझ्यामुळं झालं त्ये."

ओंकारला हसूच आलं. "आता वो काय त्याचं? वीस वर्सं झाली. मला आर्वीच्या वर्गात बसवताय का काय?" मग हसू आवरून त्यानं बापाकडं नीट पाहिलं. "पर आजच हे कुठनं आठवलं तुम्हाला?"

हणमंतनं बहिणीकडं पाहिलं. घाई नव्हती त्याच्या बघण्यात. चहा निवेपर्यंत थांबायची त्याची तयारी दिसत होती. ओंकारही मग आत्याकडं बघायला लागला.

शालनबाईंनी फाइलीची दोरी सोडली, पुन्हा बांधली. खाली अंगणात कुणीतरी लोखंड कापत होतं, त्याचा आवाज थांबेपर्यंत त्या थांबल्या. आवाज थांबला, तरीही त्या काही बोलल्या नाहीत.

"काय न्हाई रे," शेवटी हणमंतच म्हणाला. "रिकामा बसलो की सुचतंय कायबी." आणि ओंकारच्या हातातला एक कप घेऊन त्यानं तो आक्कापुढं धरला.